निळं येत होतं तोवर

मिरजगावच्या बाहेर, सोलापूर रस्त्याला, आमचा छोटा प्लांट आहे. त्याला कुणी बायोडिझेलचा प्लांट म्हटलं की माझं डोकंच फिरतं. अहो, बायोडिझेल वेगळं आणि हे वेगळं! पण ऐकतंय कोण? माझा नवरा स्वतः मेडिकलच्या काउंटरवर बसून गिऱ्हाइकांना सांगतो, "आमची ही बायोडिझेलला आहे." घरचंच माणूस असं, तर बाहेरच्यांना काय बोलायचं.

तर आमच्याकडे हॉटेलांचं, ढाब्यांचं, लग्नाकार्याचं जळकं तेल येतं. ते आम्ही गाळतो, त्यातलं पाणी काढतो, मग एका पांढऱ्या मातीतून फिरवतो, म्हणजे बरीचशी घाण ती माती धरून ठेवते. त्यानंतर ते हायड्रोजनसोबत, जबरदस्त दाबाखाली, रिॲक्टरमध्ये सोडायचं. रिॲक्टर म्हणजे उभं जाड लोखंडी नळकांडं, आत कॅटॅलिस्टचे खडे भरलेले, तुरीच्या दाण्याएवढे. वरून भज्यांचं तेल जातं आणि खालून डिझेल येतं. पाण्यासारखं नितळ. त्यात कांद्याचा वास नाही, की लसणाचा नाही. कुणाच्या घरचं होतं, कुणी काय तळलं होतं, सगळं पुसून जातं.

पुस्तकात लिहिलेलं असतं, कॅटॅलिस्ट दुसऱ्याला बदलतो, स्वतः बदलत नाही. लिहिणाऱ्यानं आमच्याकडे येऊन एक उन्हाळा काढावा. कॅटॅलिस्ट मरतो. आम्ही हाच शब्द वापरतो. तेलातून फॉस्फरस आला, कॅल्शियम आला, की तो खड्यांवर जाऊन बसतो आणि खडे मरतात. म्हणून तेल आत सोडायच्या आधी ते तपासायचं. ते काम माझं. मी पंकजा, इथल्या लॅबमध्ये असते. लॅब म्हणजे काय, एक खोली, एक भट्टी आणि रस्त्याकडची एक खिडकी.

फॉस्फरस तपासायची रीत सोपी आहे. चिनीमातीच्या वाटीत थोडं तेल घ्यायचं, भट्टीत जाळून त्याची राख करायची. राख आम्लात विरघळवायची, फ्लास्कमध्ये औषध घालून गरम करायची. पाणी पाण्यासारखंच राहिलं तर तेल चांगलं. फॉस्फरस असला की निळं येतं.

त्या उन्हाळ्यात निळं यायला लागलं आणि जाईचना.

माझी आई, आक्काबाई, नुकतीच गेली होती. कुरडयांचा घाट घालून झाला, उन्हात वाळत घातल्या, दुपारी जरा पडते म्हणाली, ती उठलीच नाही. मरण चांगलं आलं असं लोक म्हणाले. लोकांना काय जातंय म्हणायला! भाऊ ज्ञानेश्वर फौजेत, तिकडे सीमेवर. नेमक्या तेव्हाच सगळ्यांच्या सुट्ट्या रद्द झाल्या होत्या. त्यानं आईला मोबाईलवर पाहिलं. चितेला अग्नी अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी दिला.

आई मात्र आधीपासून एकच घोकत असायची. ज्ञानू सुट्टीवर आला की त्याला जेवता जेवता बजावायची, "मला तुज्या हातानं प्रवरासंगमाला पान्यात सोडायचं. दुसऱ्या कुनाला हात लावू द्यायचा न्हाई." ज्ञानू चिडायचा, "आई, भाकरी खाऊ दे की." पण हो म्हणायचा. म्हणून मग अस्थी ज्ञानूसाठी ठेवल्या. आमच्याकडे अस्थी घरात आणत नाहीत. सावडून आणल्या की डब्यात घालून, तोंडाला फडकं बांधून, मागच्या झाडाला टांगून ठेवायच्या, नदीला नेईपर्यंत. अण्णांनी निंबाला टांगल्या. घरात डबा कुठला होता? तेलाचाच, पत्र्याचा. असले डबे आमच्या घरी चिक्कार, कारण ते मीच आणून दिलेले.

हे पण सांगायला हवं. वस्तीवरच्या बायका जळकं तेल मोरीत ओतायच्या. मी आईला म्हटलं, फेकू नका, डब्यात साठवा, आमचा टेम्पो येऊन नेईल. झालं! आईनं सगळ्या वस्तीला कामाला लावलं. कुणाकडे पुऱ्या तळल्याचा वास आला की ही डबा घेऊन दारात हजर. अण्णांना तर तिनं ठोकूनच ठेवलं होतं, "तेल फेकायचं न्हाई, डब्यात वतायचं. आन डबा भरला की सहादेवला द्यायचा." सहादेव आमचा टेम्पोवाला.

आणि एक तिचा हट्ट होता. "तुजी फॅक्टरी एकदा दाव की गं." मी म्हणायची, तिथं नऊवारी चालत नाही, बूट लागतात, हेल्मेट लागतं, घोट्यात स्क्रू घातलेल्या म्हातारीला लोखंडी जिन्यावर कोण चढू देईल? ती म्हणायची, "मी खालीच हुबी ऱ्हाईन. बगीन नुसतं, आमच्या तेलाचं काय करता ते." पुढं पाहू, म्हणायची मी.

तर निळं. त्या दिवशी सकाळी आमचा फिटर भिमाजी माझ्या खोलीत आला आणि टेबलावर एक स्क्रू ठेवला. "ताई, ह्यो बगा. गाळनीत घावला."

आमच्या गाळणीत काय सापडत नाही! कोंबडीची हाडं, मिरच्यांचे देठ, चमचे, एकदा तर कुणाच्या तरी कवळीचा दात. मी म्हटलं, "मग? फेका की."

"फेकू कसा? अर्धाच आटा हाय याला. आपल्या पंपाचा न्हाई, टेम्पोचा न्हाई. म्या सगळीकडं लावून बगितला. असला स्क्रू जल्मात पायला न्हाई. कुटल्या तरी मशिनीचा आसनार, आन ते मशीन कुटंतरी ढिलं पडून ऱ्हायलं आसंल."

"तुम्ही त्या मशिनीच्या वतीनं रडू नका. जा."

तो गेला, पण स्क्रू खिडकीत ठेवून गेला. बारीक होता, वरून काळपट निळसर, आगीतून निघाल्यासारखा. फ्लास्क तापेपर्यंत माझ्या हाताला चाळा लागतो. मी तो स्क्रू बोटांत फिरवत बसले आणि समोर फ्लास्क निळा व्हायला लागला. फिका नाही, शाळेतल्या शाईसारखा गडद. इतका निळा मी कधी पाहिला नव्हता.

"अरे कोण मेलंय या तेलात!" मी ओरडले. बाहेर सहादेव टेम्पो धूत होता, तो खदाखदा हसला.

आमचे साहेब एलिया उजागरे, भिंगारचे. रोज तिथून गाडीनं येतात. शांत माणूस, माझ्या उलट. म्हणाले, "पंकजाताई, पुन्हा करून बघा." पुन्हा केलं, निळं. टाकी उपसली, धुतली, नवं तेल भरलं. निळं. माती बदलली, पाइप वाफेनं साफ केले. जरा फिकं, पण निळंच. तेवढ्यात रिॲक्टरच्या वरच्या थराचा दाब चढायला लागला. खाली डिझेल यायचं ते पिवळट. खडे मरत चालले होते.

भिमाजीनं रिॲक्टरच्या शिडीला लिंबू-मिरची बांधली. साहेब चर्चला जाणारा माणूस, पण त्यांनी ती काढायला सांगितली नाही. "असू दे," म्हणाले, "दाब त्यानं उतरत असेल तर माझं काहीच म्हणणं नाही."

मी हसले नाही. कारण मला तेव्हा काहीतरी व्हायला लागलं होतं. भट्टीचं दार उघडलं की कुरडई तळल्याचा वास यायचा. तुम्ही म्हणाल, तळणाच्या तेलाला तळणाचा वास येणारच. पण जळून राख झाल्यावर? आणि फ्लास्कपुढं उभी राहिले की वाटायचं, मागं कुणीतरी उभं आहे. भीती नाही वाटायची. मी शाळेत असताना गणितं सोडवायची, तेव्हा आई अशीच मागं येऊन उभी राहायची. तिला अक्षर वाचता येत नव्हतं, नुसती बघायची. मी वळून पाहायची, तर खोलीत कुणी नाही, खिडकीत तो स्क्रू आणि बाहेर हायवेचे ट्रक. मग माझा मलाच राग यायचा. बाई, तू एमएस्सी झालीयस, मी स्वतःला म्हणायची, चार दिवस झोप काढ.

अशात ज्ञानूचा फोन आला. "ताई, सुट्टी मिळाली. रविवारी पोचतो. सोमवारी आईला घेऊन प्रवरासंगमाला जाऊ." मग हळूच म्हणाला, "तिला सांग, येतोय म्हणून."

मी दुपारीच अण्णांकडे वस्तीवर गेले. डबा उतरवून, फडकं बदलून ठेवावं म्हटलं. मागं जाऊन वर पाहिलं, तर निंबाला नुसती दोरी लोंबत होती.

"अण्णा, डबा कुठाय?"

अण्णा चुलीपाशी होते. "वावटळीत फांदी मोडाय लागली हुती. पडंल म्हनून म्या काडून ठिवला. गोठ्याच्या भितीपाशी हाय बग."

भिंतीपाशी एक डबा होता. मी झाकण काढलं. बुडाला जरासं तेल, बाकी रिकामा, नवाकोरा. सहादेव भरलेला डबा नेतो तेव्हा बदल्यात ठेवतो तसला. मी गोठा पालथा घातला, गंजीमागं पाहिलं, विहिरीकडं जाऊन आले. तिथंच उभी राहून सहादेवला फोन लावला.

"माझ्या बापाच्या घरून डबा उचललास का रे?"

"व्हय ताई. मागंच उचलला. का?"

"कुणाला विचारून?"

"आता इचारायचं काय त्यात? अण्णांनीच दिला. म्हनले, भरलाय, घिऊन जा. तुमच्या आई हुत्या तवाबी तितूनच उचलत हुतो की."

"आत काय होतं?"

"काळं तेल. लई घट्ट हुतं, गाळासारकं. तुमीच म्हनता ना, काळं-गोरं बगू नको, आन म्हनून?"

"ओतलंस?" मी विचारलं. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही, म्हणून पुन्हा विचारलं.

"वतलं की टाकीत. ताई, काय झालं?"

मी फोन ठेवला. त्याला खूप काही बोलणार होते, तोंडाशी आलं होतं. पण तेवढ्यात अण्णा घरातून बाहेर आले. हातात कढई, फडक्यानं धरलेली. आईच्या हातच्या कुरडया ते रोज दोन-दोन तळून खायचे. मी जेवणाचा डबा पाठवत होते तरी तळायचे. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, भिंतीला कोपर घासत घासत चालले होते. मी समोर उभी होते, त्यांना दिसले नाही. भिंतीपाशी वाकले, हातानं चाचपून डबा शोधला आणि कढई तिरकी केली.

"व्हय, वततोय की," ते म्हणाले. "थांब जरा. सांडत न्हाई गं, तूच बग."

त्यांच्या आवाजात कुरकुर होती, आई मागं लागली की असायची तीच. मग मान हलवून जरा हसले, जसं तिनं काहीतरी उलट बोललेलं असावं.

मला सगळं कळलं. निंबावरून उतरवलेला डबा नेमका तेलाच्या डब्याच्या जागी ठेवलेला, वरचं फडकं वावटळीत उडालेलं. दोन्ही डबे सारखे. अण्णांना फरक दिसला नाही. तेराव्याच्या जेवणाचं उरलेलं तेल, मग रोजचं कढईतलं तेल, अण्णा तिच्या हुकमाप्रमाणे ओतत राहिले. तिच्यावरच. आणि डबा भरला तेव्हा, तोही तिच्याच हुकमाप्रमाणे, सहादेवला देऊन टाकला.

"अण्णा," मी म्हटलं. ते दचकले.

"तू कवा आलीस? कोन हाय म्हनलं."

"आत्ताच. अण्णा, आईच्या अस्थींत काय काय होतं?"

"काय आसनार? हाडं, राख." ते भिंतीला टेकून बसले. "आन घोट्यातलं ते दोन स्क्रू. नगरच्या डाक्टरनं बसवलेलं. राखंत हाताला लागलं. तिच्यासंगंच जाऊ द्या म्हनलं, तिचंच हाईत. का गं?"

मी कसंबसं म्हटलं, "सहज विचारलं." त्यांना सांगायचं धाडस मला झालं नाही. ज्या माणसानं बायकोचा शब्द मेल्यावरही पाळला, त्याला कसं सांगायचं की शब्द पाळला म्हणूनच हे झालं?

स्कूटी कशी चालवली माहीत नाही. प्लांटवर आले, तडक खिडकीशी गेले. स्क्रू तिथंच होता, उन्हात तापलेला. मी तो मुठीत धरला आणि खाली बसले. मी तिला चाळ्यासाठी बोटांत फिरवत होते. मी तिला शिव्या घातल्या होत्या. कोण मेलंय म्हणून ओरडले होते आणि ती समोर फ्लास्कमध्ये होती.

साहेब आले. मी सगळं सांगितलं, रडत, नाक ओढत, एक वाक्य धड नाही. त्यांनी हेल्मेट काढलं आणि माझ्यासमोर जमिनीवरच बसले.

"हाडांत दुसरं काय असतं, सर?" मी म्हटलं. "कॅल्शियम आणि फॉस्फरस. शाळेतलं पोर सांगेल. आणि मी पुन्हा पुन्हा जाळत बसले. चितेवर एकदा जळाली ती. मी तिला वाटीत घालून परत परत जाळलं."

त्यांनी हेल्मेट बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "तुम्ही शोधत होता, पंकजाताई. कुणाला तरी शोधतच होता."

"आता ती कुठे आहे? खरं सांगा. मला बरं वाटावं म्हणून नको."

"खरंच सांगतो. तुकडे गाळणीत अडकले. तो गाळ तर गेला, गेल्या आठवड्यातच उचलला गेला. राख जुन्या तेलातल्या आम्लात मिसळली. तिच्यातली बरीचशी मातीनं धरली. जी उरली ती रिॲक्टरच्या पहिल्या थरावर बसली, म्हणून तर खडे मेले. त्याच्या पुढे फॉस्फरस जात नाही. डिझेलमध्ये तुमच्या आई नाहीत. त्या कुणाच्या गाडीत जळाल्या नाहीत."

मी डोळे पुसले. खड्यांचं विचारलं, तर ते विषारी कचऱ्यात मोडतात, सील करून ठराविक ठिकाणीच पाठवावे लागतात, एक मूठ देता येणार नाही. "पण काढलेली जुनी माती आहे," ते म्हणाले. "ती मी देतो. नदीत मात्र टाकू नका, तेलकट आहे, पाण्यावर तवंग येईल. आमच्यात माणूस शेवटी मातीतच ठेवतात. वाईट जागा नसते ती."

रविवारी ज्ञानू मिरजगावच्या स्टँडवर उतरला. पाठीवर बॅग, दाढी केलेली, डोळे सुजलेले. चुलीतली राख डब्यात भरून त्याच्या हातात द्यावी, असा विचार माझ्या मनात आला नव्हता असं नाही. पण त्यानं पायाला हात लावला आणि विचारलं, "कुठं ठेवलीय तिला?" मला खोटं जमलं नाही. रसवंतीच्या बाकड्यावर बसवून सगळं सांगितलं.

वाटलं ओरडेल. माझाच भाऊ तो, डोकं माझ्यासारखंच. पण तो ग्लासाकडं बघत राहिला. रस तसाच.

"अण्णांना माहितीय?"

"नाही."

"सांगायचं नाही," तो म्हणाला. मग उठला. "मला दाव."

त्याला हेल्मेट दिलं. बूट त्याचे होतेच. टाकी दाखवली, गाळणी दाखवली, मातीचं फिल्टर. भिमाजी आणि सहादेव लांब उभे होते, सहादेवच्या डोळ्यांना धार लागली होती. ज्ञानू रिॲक्टरखाली उभा राहिला. प्लांट बंद होता, खडे काढायचे म्हणून गार केलेला. त्यानं लोखंडावर तळहात ठेवला.

"आई, आलो गं मी," तो म्हणाला. "उशीर झाला." आणि मग लहान पोरासारखा रडला.

सोमवारी आम्ही प्रवरासंगमाला गेलो. अण्णा सोबत होते. नव्या मडक्यात माती, वर पांढरं फडकं. त्यांना सांगितलं की हल्ली थोडंच पाण्यात सोडतात, बाकीचं आपल्या झाडाखाली पुरायचं. "आसं का?" ते म्हणाले, "बरं."

ज्ञानू गुडघाभर पाण्यात उतरला. त्याच्या मुठीत तो स्क्रू होता. दुसरा कुठं गेला, देव जाणे. भटजींनी सांगितलं तसं पाण्याकडं तोंड करून त्यानं मूठ पाण्याखाली नेली आणि उघडली.

पायरीवरून अण्णांनी विचारलं, "सोडली का रं?"

"सोडली, अण्णा. माझ्या हातानं."

हे खरं होतं. तेवढंच खरं होतं. आईनं मागितलं होतं त्यातलं इवलंसं उरलं होतं आणि ते त्यानं केलं.

ऊन उतरता उतरता वस्तीवर परतलो. निंबाखाली ज्ञानूनं खड्डा घेतला. मी मडक्याचं फडकं सोडलं. अण्णा म्हणाले, "मला बी माती टाकू द्या की." आम्ही एकमेकांकडं पाहिलं, पण नाही कसं म्हणणार? त्यांनी मडक्यात हात घातला. मूठ भरून घेतली आणि थांबले. अंगठ्यानं माती चोळली. मग मूठ नाकाशी नेली.

"तेल हाय," अण्णा म्हणाले.

ज्ञानू पटकन म्हणाला, "तूप आहे, अण्णा. विधीला लागतं."

"इतकी वर्सं तिच्या हाताखाली काडली म्या. तूप कोंचं, तेल कोंचं, कळंना व्हय मला?" ते हळूच बोलत होते. रागानं नाही. मूठ तशीच छातीशी धरलेली. "म्या वतलं. व्हय ना? निंबावरच्या डब्यात म्या वतलं. आन देऊन टाकलं सहादेवला."

खोटं बोलायला तोंड उघडावं लागतं, तेवढंही आम्हा दोघांना जमेना.

अण्णांनी माती खड्ड्यात सोडली. मग माझ्या दिशेला तोंड केलं, जिथं मी उभी असेन असं त्यांना वाटलं तिथं.

"पंके, तिला तुजी फॅक्टरी बगायची हुती."

"हो, अण्णा."

"बगितली का तिनं?"

किती वेळा म्हणाली होती ती! खालीच उभी राहीन, बघीन नुसतं. ज्ञानूनं माझा हात धरला.

"बघितली, अण्णा," मी म्हटलं. "सगळी बघितली. आतून."

त्यांनी मान हलवली. खड्डा बुजवायला ज्ञानूनं फावडं घेतलं, तर ते म्हणाले हातानंच लोटू, आणि तिघांनी हातानंच माती लोटली.

ज्ञानू परत गेला. पहिल्या थराचे खडे काढून सील केले, गाडी येऊन घेऊन गेली. मी फाटकापर्यंत गाडीमागं गेले. नवे खडे भरले, टाकी तळापर्यंत खरवडली, पाइप बदलले, नवी माती घातली. भिमाजीनं लिंबू-मिरची स्वतःच सोडवली.

मग नवं तेल आलं आणि ते तपासायला माझ्याकडे आलं.

मी वाटीत तेल घेतलं. भट्टीत ठेवलं. दार उघडलं तेव्हा वास आला तो नुसता जळल्याचा. राख विरघळवली, औषध घातलं, फ्लास्क तापायला ठेवला. खिडकी मोकळी होती. भिमाजी दारात येऊन उभा राहिला.

फ्लास्क पाण्यासारखा राहिला.

"आलं न्हाई! ताई, निळं आलं न्हाई!" भिमाजी टाळ्या पिटत बाहेर सांगायला पळाला.

मी गॅस बंद केला नाही. म्हटलं, अजून थोडं तापू दे, कधी कधी उशिरा येतं. पाणी उकळायला लागलं. मी फ्लास्क उचलून खिडकीपाशी धरला, पांढऱ्या कागदापुढं धरला, तिरका करून पाहिला. म्हटलं, असेल, अगदी फिकं असेल, मला दिसत नसेल. मागं वळून पाहिलं. खोली रिकामी होती, आणि ह्या वेळी ती खरंच रिकामी होती. आई गेली त्या दुपारीसुद्धा मला इतकं एकटं वाटलं नव्हतं.

बाहेरून साहेबांनी विचारलं, "काय म्हणताय, पंकजाताई?"

मी डोळे पुसले, फ्लास्क खाली ठेवला आणि सांगितलं, तेल चांगलं आहे, सोडा आत.